पाटाच्या पाळीचे दोन संगणक

चि. मितेश यास श्रीवर्धनाहून चांगदेवकाकाचे अनेक आशीर्वाद. येथे सर्व कुशल आहे. माझ्या गुडघ्याविषयी तू विचारले नाहीस, म्हणून लिहीत नाही.

पत्रास कारण असे, की गणपतीत तू आलास आणि आमच्या बागायतदार मंडळाचा जुना संगणक, त्यातील पाटाच्या पाण्याच्या पाळीपत्रकासह, जसाच्या तसा नव्या संगणकाच्या पोटात नेऊन बसवलास. त्यास तू आभासी संगणक म्हणालास. (आभास म्हणजे जे दिसते पण नसते, हे मी चौथीपर्यंतच शिकूनही जाणतो. तुमचे हे असते, पण दिसत नाही.) जुने यंत्र आता भंगारात द्या, असे सांगून तू दुपारच्या गाडीने निघून गेलास.

पुढे खंडेनवमी आली. अठरा वर्षे ज्याने सुपारीच्या वाड्यांना पाणी वाटले, त्याची पूजा चुकवणे मला शक्य नव्हते. कचेरीतील कारकून जागृती म्हणाली, "आबा, तो आता याच्यात हाय, यालाच फूल वाहा." परंतु दुसऱ्याच्या पोटात असलेल्यास कुंकू कोठे लावावे, याचा खुलासा तिला करता आला नाही. तेव्हा मी जुन्यासच झेंडूची माळ घातली आणि पूजेनंतर पंप जसा थोडा चालवतात, तसा तो चालू केला. पाळीपत्रक जागच्या जागी होते. (यावरून तू काहीही नेले नव्हतेस, हे सिद्ध होते.)

त्यानंतर एकाच पाटाच्या पाळ्या दोन ठिकाणी लिहिल्या जाऊ लागल्या. ही दोन यंत्रे एकमेकांस काही कळवत नाहीत, हे तू कोणासही सांगितले नव्हतेस. परिणामी गेल्या मंगळवारी रामचंद्र आणि मनुबाई दोघेही फावडे घेऊन पाटावर हजर. दोघांच्या हाती मंडळाची चिठ्ठी, दोघांची वेळ सात ते दहा. रामचंद्र म्हणाला, "आत्ये, माजी पाळी हाय, तू उद्या ये." त्यावर मनुबाई म्हणाल्या, "उद्या तुजा बा पानी सोडील काय?" (रामचंद्राचे वडील स्वर्गवासी आहेत.) ओढाताणीत बांध फुटून पाणी रस्त्यावर गेले. पाळी नेमणारा मी. माझ्या कारकिर्दीतला हा पहिला तंटा. रविवारच्या सभेत हे काम माझ्याकडून काढून घेण्याचा ठराव येणार आहे. तू करून ठेवलेल्या जुळ्यांचे पाप मी का वाहावे, याचे उत्तर द्यावेस.

तुझा,
चांगदेवकाका

ता. क. नव्या यंत्रात पाळ्या जागृती लिहिते; मग जुन्यात कोण लिहीत होते, असे तू विचारशील. मी लिहीत होतो. रोज सकाळी, जागृती येण्यापूर्वी, एका बोटाने. आणि जो लवकर येई त्यास चिठ्ठीही देत होतो. नवा संगणक सांकेतिक शब्द मागतो. चारचौघांत त्याने मला तीन वेळा परत पाठवले. तरी रविवारपूर्वी गुपचूप येऊन माझ्या पाळ्या नव्यात घाल आणि चूक यंत्राची होती, असे सभेत सांग. मला खोटे बोलता येत नाही.

ता. क. दुसरे. पाकीट टपालात टाकावयाचे राहिले आणि सभा झाली. चूक माझी, असे मी उभे राहून सांगितले. मनुबाई म्हणाल्या, "ते सगल्यांना म्हायत हाय. तुमी कदी बोलता, त्याचीच वाट बघत व्हतो." माझ्याविरुद्धचा ठराव मागे घेण्यात आला. जुने यंत्र भंगारात देण्याचा ठराव मग मीच मांडला. तो एकमताने संमत झाला. यंत्र सध्या माझ्या घरी आहे. कोणती वायर कोठे जोडावी, एवढे पोस्टकार्डाने कळव.