दह्याचा हात आणि डावीकडचे छर्रे

बेसा, नागपूर
बुधवार

चिरंजीव केशव,

आशीर्वाद. (पन्नाशी ओलांडलीस तरी चिरंजीवच. मी बारा वर्षांनी मोठी आहे.) तुझी कंबर कशी आहे? मिरची वाळत घालताना वंदनाला तोंडाला फडके बांधायला सांगितले होते, ते तिने ऐकले नसणारच. माझे गुडघे ठीक आहेत. लेखी सांगितलेले तुला मागाहून नाकारता येत नाही, म्हणून हे पत्र. बसून वाच.

तुझी लेक भूमिका माझ्याकडे राहून पिस्तूल नेमबाजी शिकते आहे. रविवारच्या चाचणीत राज्याच्या संघात निवड झाली नाही तर तिला कायमचे भिवापूरला नेणार, असे तू जाहीर केलेस. तेव्हापासून पोरीचे जेवणात लक्ष नाही. म्हणून मी स्वतः लक्ष घातले (ऐंशी सालची बी.एस्सी. आहे मी, अगदीच अडाणी नाही) आणि रोज रेंजवर तिच्या मागे खुर्ची टाकून बसू लागले.

पहिल्या दिवशी कागदी लक्ष्यावर सगळीकडे भोके, गोवर आल्यासारखी. मी म्हटले, डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी, डोळे ठणठणीत आहेत म्हणून, आम्हाला परत पाठवले. तिचे शिक्षक संघपाल सर (छर्रे कुठे लागले ते पाहून हा माणूस नेमबाजाचे काय चुकले ते सांगतो) यांनी कागद पाहिला, मग तिचा तळवा पाहिला, मग पिस्तुलाच्या मुठीचा वास घेतला. "दही कोनं लावलं वं याले?" आता घरातून निघताना हातावर दहीसाखर द्यायची आणि नंतर हात धुवायचा नाही, ही आपल्या आईची शिस्त. सर म्हणाले, "पकड दर वेळी सरकून राहिली मॅडम, छर्रे फाकतीलच ना!" तेव्हापासून दही चमच्याने देते. शिस्त मोडलेली नाही.

त्यानंतर भोके एका जागी जमली, पण मधल्या काळ्या गोलाच्या खाली, डावीकडे. मी तिला सांगितले, तेवढाच नेम वर, उजवीकडे धर. सरळ हिशेब आहे. सरांनी कपाळाला हात लावला. "नेम नका बदलवू मॅडम. उजव्या हाताची पोरगी खाली डावीकडं मारते म्हणजे चाप ओढताना पूर्ण मूठ आवळते. एकदाचं संपवाची घाई झाली तिले." घाई कसली, असे मी विचारले, तर म्हणाले, "तुम्ही जरा चहा घेऊन या."

तिथला चहा म्हणजे गरम साखर. पिऊन आले तर भोके काळ्या गोलाच्या मधोमध. खुर्चीवर बसले, पुन्हा खाली डावीकडे. शास्त्र शिकलेली बाई एका प्रयोगावर विश्वास ठेवत नाही. मी उठत गेले, बसत गेले, चहा पीत गेले. (पित्त अजून गेलेले नाही.) प्रत्येक वेळी तेच.

शेवटी मी तिलाच विचारले, "काहून वं, मी काय तुला खाते का?"

"नाही आत्या. पण तू मागं श्वास रोखून राहते ना, मले ऐकू येते. मंग वाटते, लवकर मारावं, म्हणजे आत्या श्वास घेईन."

केशव, पोरगी माझ्या जिवाची काळजी करत नेम धरते आहे. तिला काय रागवायचे?

घरी सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी
प्रेमिलाताई

ता. क. रविवारी तू जीपभर माणसे घेऊन चाचणी पाहायला येतो आहेस, असे कळले. येऊ नका. एका आत्याच्या श्वासाने एवढे होते, तर तुमच्या नऊ जणांनी छर्रा पार विमानतळाकडच्या मिहानपर्यंत जाईल. आणि "निवड झाली नाही तरी तू नागपूरलाच राहशील," एवढे भूमिकाला आजच फोन करून सांग. सांगून लगेच ठेव. उपदेश नको.

ता. क. २. मी मात्र जाणार. घरचे एक जबाबदार माणूस तिथे हवेच. लांब बसेन.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी भूमिकाने हे वाचले. तिने माझी चप्पल आणून समोर ठेवली आणि भिवापूरच्या बसची वेळ सांगितली. तर मी शनिवारीच तुझ्याकडे येते आहे. रविवारी निकाल लागेपर्यंत तुझा मोबाइल माझ्या पर्समध्ये राहील.