सातव्या फेरीत तू म्हणालीस ते

प्रिय टिचकी,

ठोसे आपल्या डोक्यावर पडतात, आणि ते डोकं शाबूत आहे की नाही हे ठरवतात दुसरेच. रिंगमध्ये उतरणाऱ्या तुझ्यामाझ्यासारख्या बायकांची ही जुनी तक्रार. आयोजक ठरवतो, बॉक्सिंग बोर्डाचा डॉक्टर ठरवतो, तिकीट काढून आलेला माणूससुद्धा ठरवतो. यावर आपण दोघी कपडे बदलायच्या खोलीत किती तास बोललो असू! म्हणून तुलाच लिहिते आहे, आणि रागातच लिहिते आहे. राग निवळायची वाट पाहिली तर हे पत्र लिहून होणार नाही.

परवा तुला टीव्हीवर पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी मी निवृत्ती जाहीर केल्यापासून तू ज्या कुणाच्या हातात माईक दिसेल त्याला मुलाखत देत सुटली आहेस. तू म्हणालीस, "बाईंना भाषणं करू द्या, ग्लोव्ह्ज आता झेपत नाहीत त्यांना." स्टुडिओतले सगळे हसले. मीही हसले, कारण टोमणा चांगला होता. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्या दारावर 'पळपुटी' असा कागद चिकटवून गेलं. पोस्टमनने तो नीट वाचला आणि पत्ता हाच ना, असं विचारलं. भाऊ तो फाडायला धावला, तर मी त्याला म्हटलं, राहू दे, निदान ज्याने लिहिलं त्याचं शुद्धलेखन तरी बरं आहे. वरून हसत होते गं. आतून पेटले होते.

आधी एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे तू पुढचं वाचशील. फेरलढत मागण्याचा तुझा हक्क शंभर टक्के आहे. चार महिन्यांपूर्वी तीनपैकी दोन परीक्षकांनी मला जिंकवलं, तिसऱ्याने तुला. मी बाहेर पडेपर्यंत लोक शिट्ट्या मारून माझी हुर्यो उडवत होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. तुझ्या जागी मी असते तर मीही आकाशपाताळ एक केलं असतं. निवृत्तीचं कारण म्हणून पत्रकारांना मी सांगितलं की गुडघा गेला. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. आज सकाळीच जिन्याने पाचव्या मजल्यावर चढून आले, वर पोचल्यावर धापसुद्धा लागली नाही.

तू जिममध्ये पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो. बारीक, शाळेचे बूट घातलेली, आणि वस्तादांनी पोत्यावर मार म्हटल्यावर जो ठोसा मारलास, त्याला ते म्हणाले, ही तर टिचकी आहे. नाव चिकटलं. मला तेव्हाही सगळे वकीलबाई म्हणायचे, कारण मी प्रत्येकाशी हुज्जत घालायचे आणि पिशवीत सदा पुस्तकं असायची. वस्तादांनी तुला माझ्याकडे सोपवलं. हात बांधायला मी शिकवलं, पाय टाकायला मी शिकवलं, आणि समोरचीला दोन शब्दांत कसं चिडवावं तेही मीच. आणखी एक गोष्ट शिकवली. तिची आज मला लाज वाटते.

घोडा, कंदील, लिंबू, दोरी, खिडकी. बोर्डाच्या तपासणीत डॉक्टर पाच शब्द सांगतात, मग नाडी, डोळे वगैरे बघून दहा मिनिटांनी तेच शब्द पुन्हा विचारतात. डोकं जागेवर आहे का, हे बघायची ही रीत. गंमत अशी की कित्येक वर्षं हेच पाच शब्द आहेत. छापील फॉर्मवर आहेत ते कुणी बदललेच नाहीत, आणि आपल्या जिममधल्या प्रत्येकाला ते पाढ्यासारखे पाठ आहेत. तुला ते मी पाठ करून घेतले. दोरीवरच्या उड्या मारता मारता, उडीला एक शब्द. तू नवव्या दिवशी न चुकता म्हणून दाखवलेस तेव्हा मी तुला चॉकलेट दिलं होतं. आपण बोर्डाला कसं फसवलं म्हणून आपण दोघी किती खूश होतो! फसवत होतो ते आपल्याच डोक्यांना, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

आता त्या लढतीबद्दल. पहिल्या पाच फेऱ्यांपैकी चार तुझ्या. तू मला अक्षरशः धुतलंस, आणि मनाच्या एका कोपऱ्यात मला तुझा अभिमान वाटत होता. सहाव्या फेरीत तू डावा हात जरा खाली आणलास, ती तुझी जुनी खोड, आणि माझा उजवा तुझ्या डाव्या कानाच्या वर बसला. ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज आला. तू पडली असतीस तर बरं झालं असतं. रेफरीने आकडे मोजले असते, तुझ्या डोळ्यांत पाहिलं असतं. पण तू पडली नाहीस. एकदा जबडा हलवलास आणि हात वर घेतलेस. पाय बरोबर पडत होते, हात बरोबर येत होते, सगळं शिकवल्यासारखं. फक्त डोळे माझ्यावर नव्हते. ते माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होते.

सातव्या फेरीत तू मला मिठी मारलीस. दमल्यावर आपण सगळेच मारतो, रेफरी येऊन सोडवेपर्यंत तेवढाच श्वास. जिम सोडून आयोजकाकडे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तू मला ताई म्हणाली नव्हतीस. पत्रकार परिषदेत 'चॅम्पियनबाई' म्हणायचीस, तेही दात दाखवून. आणि तू माझ्या कानाशी, तोंडात रबरी कवच असूनही मला नीट ऐकू येईल असं, म्हणालीस:

"ताई, जरा हळू मार ना. परवा माझी फायनल आहे."

हे तुला आठवत नसणार, म्हणून लिहिते आहे. परवा तुझी कुठलीही फायनल नव्हती. ती फायनल नऊ वर्षांपूर्वी होती, तू एकोणीस वर्षांची असताना, आणि तिच्या दोन दिवस आधी आपण जिममध्ये सराव करत होतो. आठ हजार माणसं भोवती ओरडत होती, आणि तू त्या जुन्या जिममध्ये होतीस.

मला तिथेच कळलं. आणि मी काय केलं ते ऐक. रेफरी हाताच्या अंतरावर होता. "थांबवा" एवढंच म्हणायचं होतं. मी कुठे कुठे बोलले आहे, तुला माहीत आहे. कारखान्याच्या फाटकावर बोलले, बोर्डाच्या बैठकीत अध्यक्षाला खाली बसवलं, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज जातो. तिथे माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी गुणांत मागे होते. फेरी संपल्यावर वस्ताद म्हणाले, उरलेल्या तिन्ही फेऱ्या घे, नाहीतर किताब गेला. मी त्यांनाही काही सांगितलं नाही. मी तिन्ही फेऱ्या घेतल्या. डाव्या बाजूने येणारा ठोसा तुला दिसत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी मुद्दाम त्याच बाजूला मारत राहिले. मला ताई म्हणणाऱ्या, जरा हळू मार म्हणणाऱ्या मुलीला मी सहा मिनिटं मारलं.

तेव्हा दारावरचा तो शब्द बरोबर आहे. फक्त लिहिणाऱ्याची तारीख चुकली. मी आत्ता पळाले नाही, तेव्हा पळाले.

नंतर तपासणीच्या खोलीत आपल्या दोघींमध्ये एक हिरवा पडदा होता. पलीकडे डॉक्टरांनी तुला नाव विचारलं. तू नाव सांगितलं नाहीस. सरळ म्हणालीस, घोडा, कंदील, लिंबू, दोरी, खिडकी. त्यांनी अजून एक शब्दही सांगितला नव्हता! डॉक्टर हसले आणि म्हणाले, "अहो, अजून विचारलं कुठे?" आणि सही केली. सगळं ठीक. मी अलीकडे डोळ्यावर बर्फ धरून बसले होते. मला तो पडदा ओढता आला असता. नाही ओढला, कारण बाहेर माझे फोटो काढायला लोक थांबले होते.

त्यानंतर मी वाचनालयात बसून मेंदूवरची जाडजूड पुस्तकं वाचून काढली. जे वाचलं ते इथे उतरवत नाही, तुला घाबरवायचं नाही. आयोजक मात्र रोज फोन करत होता. हॉल ठरला, तारीख ठरली, भांडण तापलंय तोवर उरकू या. मी त्याला सांगितलं की तुझी मोठी तपासणी झाल्याशिवाय मी उतरणार नाही. तो म्हणाला, कागद आहे ना. डॉक्टरांनी सही केलेल्या त्या कागदाचा मला संताप येतो. मी उतरले असते तर काय झालं असतं? तू पुन्हा पुढे गेली असतीस, कारण तू माझ्यापेक्षा चांगली आहेस. आणि मागे पडल्यावर मी काय करते, हे मला आता माहीत आहे. ते मी पुन्हा करणार नाही, असं छातीठोकपणे म्हणायची माझी हिंमत नाही. म्हणून फेरलढत नाही. आज नाही, कधीच नाही.

मला वाटलं होतं, मी बाजूला झाले की तू वाचशील. तू मला शिव्या देशील, महिन्याभराने दमशील, घरी बसशील. वकीलबाईची अक्कल एवढीच. काल कळलं की रिकाम्या झालेल्या किताबासाठी पुढच्या महिन्यात आयोजक तुला त्या उंच, जड हाताच्या पोरीसमोर उभी करतो आहे. आणि आज सकाळी काकूंचा फोन आला. तुझी आई रडणाऱ्यांतली नाही, पण रडत होती. सहा वर्षांपूर्वी तुम्ही ज्या मजल्यावर राहायचात, तिथल्या दाराशी तू रविवारी दहा मिनिटं किल्ली फिरवत होतीस म्हणे, आणि आतून आता तिथे राहणारे मास्तर बाहेर आले तर कुलूप का बदललं म्हणून तू त्यांच्यावरच ओरडलीस. तू काकूंना शपथ घातलीस की हे कुणाला सांगायचं नाही. त्यांनी ती मोडली, त्यांच्यावर चिडू नकोस. माझ्यावर चीड, मी त्याच लायकीची आहे. सातव्या फेरीत जे ऐकलं आणि पडद्यामागे जे ऐकलं, ते मी फोन ठेवल्या ठेवल्या बोर्डात जाऊन सहीनिशी लिहून दिलं. माझा तो विजय पुसायचा असेल तर पुसा, असंही लिहिलं. ते म्हणतात, निवृत्त बाईच्या म्हणण्यावर लढत थांबत नाही. नव्या तपासणीची मागणी फक्त लढणारी स्वतः करू शकते. म्हणजे माझ्या हातात आता काही नाही, तुझ्या हातात आहे. मोठ्या रुग्णालयात, मेंदूच्या विभागात, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. काकू बरोबर येतील. मी नको असेन तर मी समोरच्या फुटपाथवर उभी राहीन, वर येणार नाही. किताबाचं, फेरलढतीचं, माझ्यावरचं, जे काय उट्टं काढायचं ते शनिवारपासून काढ. शुक्रवारी तिथल्या डॉक्टरीणबाईंसमोर बस, आणि त्या जे विचारतील त्यातलं जे आठवत नाही, ते आठवत नाही म्हणून सांग.

तुझीच,
ताई