सुधीरला आवतण

नागपूर, पोळ्याची आदली संध्याकाळ, १९७४

थोरला सुधीर होळीच्या सुमारास तापाने गेला. म्हणून यंदा सण नाही, पुरण नाही, असं मीच ठरवलं होतं. तरी धाकट्या बंडूने दोघांचे लाकडी बैल काढले. त्यांच्या खांद्यांना तूप चोळून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मग स्टुलावर चढून सुधीरच्या फोटोलाही तूप लावलं. "दादा, तू पण ये. नाही तं तुयी पोळी मीच खाईन."

मी ओरडलो. का ओरडलो?

ही म्हणाली, "काहून रागावता त्याले? आवतण तं देऊन झालं."

काचेवरचं तूप पुसायला उठलो. पुसलं नाही.

हिने डाळ भिजत घातली आहे. चौघांची.