जवळ्याच्या चटणीची पाकिटं

अण्णा, मी स्वयंपाकघरासाठी एक यंत्र घेतलंय, आणि तुम्ही असतात तरी तुम्हाला विचारून घेतलं नसतं. व्हॅक्यूम सीलर म्हणतात त्याला. पिशवीत पदार्थ भरायचा, पिशवीचं तोंड झाकणाखाली धरायचं, बटण दाबायचं. यंत्र आतली हवा ओढून घेतं आणि तोंड तापवून चिकटवून टाकतं. पदार्थ टिकतो आणि वास बाहेर येत नाही. मला वासाचीच काळजी होती. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, जहाजावर इंजिनिअर आहे. होय, मुलगी, आणि जहाजावर. मागच्या खेपेला तिच्या बॅगेत चटणीच्या डब्याचं झाकण सुटलं आणि गणवेशापासून मोज्यांपर्यंत सगळ्याला सुक्या जवळ्याचा वास लागला. या वेळी निघायच्या आधी ती म्हणाली, "बाबा, चटणी पाहिजेच. वास तेवढा नको."

चटणी मी करतो. बायकोची नोकरी अजून चालू आहे, त्यामुळे मिरजोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हापासून घरचा स्वयंपाक माझा. हे वाचून तुमच्या कपाळावर कोणती आठी पडली असती ते मला ठाऊक आहे, कारण ती मी पाहिलेली आहे. मी नववीत होतो. आई तापाने अंथरुणावर होती आणि तुम्ही नऊ महिन्यांनी जहाजावरून सुट्टीवर येणार होतात. मी बांगड्याचं तिखलं केलं, वेड्यावाकड्या का होईनात, भाकऱ्या थापल्या. तुम्ही बॅग हातात घेऊन उंबऱ्यावर उभे आहात, माझे हात पिठाने भरलेले आहेत, आणि तुम्ही म्हणता, "ऊठ तिथून. माझा मुलगा चुलीपुढे बसलेला मला दिसता कामा नये." मग तुम्ही शेजारी काकाच्या घरी जेवायला गेलात. आईने अंगात ताप असताना माझी अर्धी भाकरी खाल्ली. पुढे लग्न होईपर्यंत मी स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा स्वतः गेलो नाही.

तुम्ही वारल्यावर आईने ट्रंकेतून तुमचं खलाशाचं नोंदीचं पुस्तक काढून दिलं. तुम्ही आम्हाला नेहमी सांगायचात, डेकवर कामाला असतो म्हणून. पुस्तकात प्रत्येक जहाजापुढे एकच हुद्दा होता: कुक. आयुष्यभर तुम्ही चाळीस-चाळीस माणसांना दोन वेळचं रांधून घातलंत, आणि घरी कधी चहाचं आधण ठेवलं नाहीत. मी आईला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "त्यांना नाय आवडायचं कोणी बोललेलं." मीही बोललो नाही. पुस्तक परत ट्रंकेत ठेवलं.

यंत्र आलं त्या दिवशी मी शहाणपणा करून आधी तिखल्यावरच प्रयोग केला. हवेबरोबर रस वर चढला, यंत्रात गेला, पिशवीचं तोंड ओलं झालं आणि चिकटेना. दुपारभर कापसाच्या बोळ्याने यंत्र पुसत बसलो. पातळ पदार्थ आधी गोठवायचा असतो, हे माहितीपत्रकात दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं. चटणीही लगेच जमली नाही. गरम भरली तर आत वाफ धरली, गार करून भरली तर रात्रीत पाकीट सैल पडलं. जवळा इवलासा, पण त्याच्या कोलंबीसारख्या मिशा पिशवीला टोचून बारीक भोकं पाडत होत्या. मग जवळा भाजून आणखी बारीक केला, चटणी पूर्ण गार केली, बटर पेपरात गुंडाळली आणि तोंडाशी चार बोटं जागा सोडली. यंत्र घरघरलं, पिशवी आक्रसून विटेसारखी कडक झाली. नाकाला लावून पाहिली. काही नाही.

तशी बारा पाकिटं झाली, आणि नेमका तेव्हा काका मागच्या दाराने आत आला. तुमचा धाकटा भाऊ आता ऐंशीच्या पुढे आहे, पण नजर शाबूत. ओट्यावरची बारा पाकिटं, खलबत्ता, माझे तिखटाचे हात, सगळं त्याने पाहून घेतलं.

"काय रे मेल्या, पुरुषासारखा पुरुष तू! तुझ्या बापाने बघितलं असतं तर?"

नववीत असताना जे तोंडातून फुटलं नव्हतं ते आता फुटलं. "माझा बाप जहाजावर कुक होता, काका. पुस्तक दाखवू?"

काका खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "मला म्हायत हाय. पहिल्या फेरीला जाताना मला शपथ घातलेली त्याने, गावात सांगू नको म्हणून. लोक बायल्या म्हणतील, याची भीती."

"आणि त्या भीतीपायी मला चुलीवरून उठवलं?"

"त्या दिवशी माझ्याकडे धड जेवला पण नाय तो." काकाने एक पाकीट उचलून दाबून पाहिलं. "माझ्यासाठी एक भर. कमी तिखटाचं."

त्या एका वाक्याने मी तुम्हाला माफ केलं, असं समजू नका. तुम्ही धड जेवला नाहीत, पण उठून परतही आला नाहीत. लाज तुमची होती आणि ती तुम्ही माझ्या पानात वाढलीत. मी ती माझ्या लेकीला वाढलेली नाही. ती इंजिनात काम करून काळेकुट्ट झालेल्या हातांचे फोटो पाठवते आणि मी ते अख्ख्या आळीला दाखवतो. परवा तिने कळवलं, "बाबा, दोन पाकिटं संपली. आमचा कुक विचारतोय कशी करतात." मी ओट्याशी उभं राहून, मसाल्याच्या हातांनी, त्या अनोळखी माणसाला सगळी रीत फोनमध्ये बोलून पाठवली. त्याला वर हेही सांगितलं की माझे वडीलही त्याच्यासारखेच जहाजावर कुक होते. अण्णा, हे मी पहिल्यांदाच कोणाला अभिमानाने सांगितलं, आणि पुन्हा सांगेन.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुमच्या तसबिरीपुढेही ठेवणार नाही. इतकं सगळं ठणकावून लिहिलंय, तर हेही लिहितो: पुढच्या दाराची बेल वाजली की माझे हात अजून आधी ॲप्रनची गाठ सोडतात, आणि मगच मी दार उघडतो.