केबलवरचा लाल दोरा

फोंतेव्हियोला, ४ फेब्रुवारी

चि. ओर्नेल्ला हिस सेत्तीमियोमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? जिने चढू नको म्हणावं. तुलियोचा खोकला गेला का? नवरा खोकत असला की बायकोचीही झोप जाते. आणि तू कशी आहेस? परवा फोनवर तुझा आवाज अगदी गळून गेलेला वाटला. तेव्हापासून मामी माझ्या मागे लागली आहे, पोरगी जेवते की नुसती कॉफीवर जगते ते विचारा म्हणून. मामीची कंबर थंडीनं धरली आहे, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझा डावा कान गेला. उजवा मामीनं अडवून ठेवलाय, म्हणून मला पत्रच बरं.

सात वर्षं तू डोंगराखालच्या प्रयोगाच्या त्या नोंदी चाळल्यास, आणि आता झाकलेली पेटी उघडणार. चीजवाला अमेदेओ मला विचारत होता, की मोजलेलं अजून कुणी पाहिलंच नाही हा काय प्रकार? मी म्हटलं, बाबा रे, उत्तर आधी दिसलं की माणूस गणित तिकडेच ओढतो. म्हणून कुठली नोंद ठेवायची, कुठली टाकायची याची चाळणी आधी ठरवायची, उत्तराचा भाग झाकायचा, मग एकदाच उघडायचा. उघडल्यावर चाळणीला हात लावायचा नाही. तो म्हणाला, म्हणजे आमच्या वेळच्या लग्नासारखंच.

काही निघालं तर जूनमध्ये संपणारी तुझी नोकरी कायमची होईल, असं तुझी आई म्हणाली. नाही निघालं तरी जीव जाळू नकोस. तीस वर्षं त्या डोंगराच्या पोटात केबली जोडल्या मी, रिकाम्या हातानं परतलेले पुष्कळ पाहिलेत. कळव.

तुझा,
सेत्तीमियोमामा


पादोवा, १५ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे, न ऐकण्याची खोड तशीच आहे. तुलियो आता फक्त मी बोलायला लागले की खोकतो. मी जेवते, असं मामीला सांगा.

मामा, पेटी उघडली. खडकातून येणाऱ्या भटक्या कणांच्या तीन-चार नोंदी तिथे सापडतील असा अंदाज होता. अकरा निघाल्या! म्हणजे जास्तीच्या एखाद्या नव्याच कणाच्या असू शकतात. आमचे प्रमुख काल्व्ही यांनी दोनदा चष्मा पुसला आणि मला बजावलं, की सख्ख्या आईलाही सांगायचं नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय.

गंमत म्हणजे अकरापैकी सात नोंदी तुमच्याच लेकरांच्या आहेत, मनोऱ्यात टांगलेल्या, कण आदळला की चमकणाऱ्या स्फटिकांपैकी एकतीस आणि अठ्ठावन्न नंबरच्या. तुम्हीच टांगलेत ना ते? शेजारचा स्फटिक एकाच वेळी चमकला की तो कण वाटसरू समजून आम्ही टाकून देतो. या सातांच्या शेजारी अगदी शांतता आहे.

एप्रिलमध्ये कायम नोकरीची समिती बसेल. काल्व्ही म्हणतात, आता तुला कोण नाही म्हणतो. नाचायला हवं खरं तर, पण खुर्चीतून उठवत नाही. सात वर्षांचा थकवा एकदम अंगावर आलाय.

तुमची,
ओर्नेल्ला


फोंतेव्हियोला, २२ फेब्रुवारी

चि. ओर्नेल्ला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं दोनदा वाचून दाखवलं. एकतीस आणि अठ्ठावन्न ऐकलं आणि माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात एकतीसच्या खोबणीतली टाचणी वाकली होती. ती सरळ करायची तर अख्खा मनोरा उघडावा लागला असता. मी दोन केबलींची अदलाबदल केली, एकतीसची केबल अठ्ठावन्नच्या जागी आणि अठ्ठावन्नची एकतीसच्या. अठ्ठावन्नच्या केबलीचा खळगा जरा मोठा होता, वाकडी टाचणी त्यात मावली, दोन्ही चपखल बसल्या. दोन्हींवर लाल दोरा बांधला. आमच्यात लाल दोरा म्हणजे जागा बदललेली, हे झाडलोट करणाऱ्यालाही ठाऊक असायचं. संगणकातल्या नकाशात कुणी बदल केला का, हे मी विचारलं नाही. तुम्ही लोक केबलीपाशी येतच नाही, नुसता नकाशा बघता, हे या म्हाताऱ्याच्या डोक्यातच आलं नाही.

नकाशा जुनाच असेल तर तुझी चाळणी भलत्याच घराचा शेजार तपासते आहे. एकतीसच्या खऱ्या शेजाऱ्याकडे दिवाळीसारखा उजेड पडला असला तरी तिला तो दिसायचा नाही.

मामी म्हणाली, गप्प बसा, पोरीचा संसार मार्गी लागतोय, चार वर्षांपूर्वीचा दोरा कोण बघायला जातंय. तिची माया मोठी आहे. पण तुझी सात वर्षं माझ्या दोन गाठींवर उभी राहावीत, हे मला सोसवेना.

ती अदलाबदल नोंदवलेलं माझ्या कामाच्या वहीतलं पान फाडून सोबत पाठवतो आहे. नक्कल ठेवलेली नाही. पुढचं तू ठरव. मला माफ कर असं लिहिण्याचं धाडस होत नाही.

तुझा,
मामा


पादोवा, १४ मार्च

ती. मामांना सा. न. वि. वि.

उशीर झाला. तुमचं पान नऊ दिवस माझ्या कोटाच्या खिशात होतं. दहाव्या दिवशी बैठकीत ते टेबलावर ठेवलं.

एकाने लगेच नियम काढला, की पेटी उघडल्यावर काही बदलायचं नसतं. त्याला बघा कसं सुचलं! नियम आपण स्वतःला फसवू नये म्हणून केला होता, आणि तो त्याच कामाला लावत होता. मी म्हटलं, चाळणी बदलायची नाहीये, ती उलटी धरली होती एवढंच कबूल करायचंय. काल्व्हींनी मला विचारलं, समिती होईपर्यंत थांबायचं का. मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसला.

डोंगरात माणूस पाठवला. दोरे होते, मामा. लाल रंग फिका पडला होता, गाठी पक्क्या होत्या. नकाशा सुधारून तीच चाळणी पुन्हा चालवली. सातही नोंदी वाटसरू निघाल्या. उरल्या चार. म्हणजे काही नाही.

समितीला दाखवायला माझ्याकडे आता शोध नाही. काल्व्ही शिफारस लिहिणार आहेत, पण नोकरी मिळेल असं ते म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही. जूनपर्यंत सगळ्या एकशेचार केबली हातानं तपासायच्या ठरल्या आहेत. ते काम मी मागून घेतलं. तुमच्या नावाचा प्रवेशपासही मागितलाय, कारण दोऱ्यांची भाषा वाचणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी रागावले का, असं विचारू नका. रागावले होते, नऊ दिवस. मामीवर मात्र नाही, तिचंच ऐकावं असं मलाही वाटत होतं. आता फक्त झोप येते.

मंगळवारी याल की गुरुवारी, तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
ओर्नेल्ला