आप्पांच्या माचीच्या फळ्या

वरकुटे, ता. ६ एप्रिल १९९४

ती. दादास,
धाकट्या विजूचा शि. सा. नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, पण मी रागात आहे. चुलतभाऊ गेणू येऊन गेला. म्हणाला, अंगणात आप्पांना निजायला उंच माची उभी केलीस आणि वर मशिनच्या खोक्यांच्या फळ्या ठोकणार आहेस. शेळी चढली तरी करकरणारं ते देवदारी लाकूड! जन्मभर मेंढरांमागे उघड्यावर निजलेला माणूस स्लॅबखाली गुदमरतो, गुडघ्यांमुळे जमिनीवरून उठता येत नाही, त्याच्यासाठी एवढंच?

आमच्या बांधावरची बाभूळ मी पावसाळ्यातच तोडून डोहात मुरत टाकली होती. फळ्या चिरून सुकल्या आहेत, त्यांना किडा लागायचा नाही. गाडी पाठवते. नको म्हणू नकोस.

वहिनींना नमस्कार. रागावले तरी माया पातळ करू नये.
तुझी विजू

वडगाव निंबाळकर, ता. ११ एप्रिल

चि. सौ. विजयमालेस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. गाडी पाठवू नकोस. लेकीच्या घरचं बापाने घ्यायचं नाही, ही आपल्या घराची रीत. आप्पा तुझ्याकडे येऊन पाणीसुद्धा न पिता परततात, हे विसरलीस? तुझ्या फळ्यांवर बाप निजला तर भावकी माझ्या तोंडात शेण घालेल. मी अजून मेलो नाही. खोक्याच्या फळ्यांना रंधा मारून ऑइल पेंट दिलाय, झकास दिसतात.

आप्पांना विचारलं तर म्हणतात, लाकडाला कुठं सासर-माहेर असतंय व्हय. त्यांचं वय झालं, मनावर काय घ्यायचं!

दाजींना नमस्कार. मुलांना गोड पापा.
सर्जेराव

वरकुटे, ता. १६ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

वरून कीर्तन, आतून तमाशा, तसा तुझा ऑइल पेंट! मेंढरांमागे चालून पाय सोलले की आप्पा मला खांद्यावर घेऊन कोस कोस चालत. तेव्हा लेकीचं ओझं चाललं, आता लेकीची फळी चालत नाही? भावकीला सांग, मला लाज वाटते तुझी.

फळ्या वाया जायच्या नाहीत. आमच्याच अंगणात माची बांधते आहे.

तरीही तुझीच,
विजू

वडगाव निंबाळकर, ता. ३ मे

चि. विजूस आशीर्वाद.

काल फळी मधोमध मोडली. आप्पांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. हाड शाबूत आहे, पण बरंच सोललंय. उचलायला गेलो तर ओरडले, की तुज्या रीतीलाच निजीव हितं. आज घोंगडी खांद्यावर टाकून एस.टी.त बसले, सोबत गेणू आहे. मला तुझा राग आलाय, स्वतःचाही आलाय. पोचल्याचं कळव.

सर्जेराव

वरकुटे, ता. ५ मे

ती. दादास नमस्कार.

आप्पा पोचले. माचीवर बसले, फळ्यांवरून हात फिरवला. रीत म्हणून मी पाणी विचारलं नाही. तर माझ्यावरच खेकसले, की बाप एवढ्या उन्हातनं आलाय आन् साधं पाणी इचारंना. तांब्या भरून दिला. घटाघटा प्यायले आणि दुसरा मागितला. मी चुलीपाशी जाऊन रडले.

माझा राग गेलेला नाही. तू ये. तुलाही पाणी देईन, पण रागातच.

तुझी विजू