पहिलं बक्षीस शिवणाचं मशीन

थळ, रविवार, ४ फेब्रुवारी १९३४
आजपासून रोजनिशी. थोर माणसं ठेवतात. मुंबईच्या साप्ताहिकात 'ओळखा कोण' स्पर्धा सुरू झाली आहे. आठ गूढ ओळी, प्रत्येकीत एक ऐतिहासिक पुरुष नाहीतर एखादा शोध लपवलेला. आठही बरोबर आले तर फोटो छापणार. शाळेत सात वर्षं इतिहास शिकवणाऱ्याला यात काय अवघड? निश्चय : रोज दोन ओळी, जेवणाआधी.

६ फेब्रुवारी
'पाण्याला ताप आणला आणि घोड्यांची नोकरी घालवली.' अर्धा तास विचार. उत्तर : जेम्स वॉट. चुलीपाशी सत्यवती 'वाफ' म्हणाली हे खरं, पण ती भाताबद्दल बोलत असावी. बायको चौथी पास आहे. सोबतीला बरी पडते.

८ फेब्रुवारी
'टिंब आणि रेघ, एवढ्यावर जग बोलतं.' सत्यवतीने विचारलं, अलिबागेच्या पोस्टात टकटक करतंय ते का? मी मॉर्स लिहिलं. साहेबाचं नाव मलाच ठाऊक होतं, म्हणजे उत्तर माझंच.

रविवार, ११ फेब्रुवारी
सात झाल्या. आठवी : 'परक्या दरबारात हत्तीची सोंड उतरवली, स्वतः मात्र पायी आला होता.'
सत्यवती पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, मला ठाव हाय, पन त्ये नाव मी न्हाय घेनार, तुमीच आरशात बगा. आरशात पाहिलं. दाढी वाढली होती. केली. मग सुचलं. हत्ती म्हटला की हॅनिबल. बाकीच्या स्पर्धकांना इंग्रजी हिस्टरी कुठली ठाऊक. पाकीट टाकलं. फोटोसाठी काळा कोट उन्हात टाकायला सांगितला.

रविवार, ११ मार्च
रिझल्ट. सात बरोबर, एक चूक. हत्तीवाला येसाजी कंक निघाला. येसाजी. माझं स्वतःचं नाव.
म्हणजे हिला माहीत होतं. शेजारच्या ठमाबाई बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी व्हतं, फोटोसाठी कशी घेऊ? मी म्हणालो, अडाणी बायकोमुळे जे कमी व्हायचं ते झालंच आहे. वाक्य चांगलं जमलं. ठमाबाई उठून गेल्या. सत्यवतीने पानं वाढली. जेवणात मीठ नव्हतं, मी बोललो नाही. मनाचा मोठेपणा.

१४ मार्च
तिचा भाऊ भिकू आला आणि तिला माहेरी दिवेआगरला घेऊन गेला. चार दिवस जाते म्हणाली. निघताना तांदूळ कुठे, डाळ कुठे, सुक्या मासळीचा डबा कुठे, सगळं दाखवलं. चार दिवसांसाठी इतकं कशाला दाखवायचं, बायकांचं काही कळत नाही.

रविवार, ८ एप्रिल
अजून आलेली नाही. माहेरी गेलेली बाई आपण होऊन परत येत नसते, सासरचं कुणीतरी आणायला जावं लागतं. ही आपली रीत. सासरचा म्हणून मी एकटाच. पण आत्ता गेलो तर चूक माझी होती असं दिसेल.
योगायोग पाहा, साप्ताहिकाची नवी स्पर्धा जाहीर झाली. पहिलं बक्षीस शिवणाचं मशीन. प्लॅन ठरला. मशीन जिंकायचं, हमालाच्या डोक्यावर देऊन दिवेआगरला जायचं, सासऱ्यांच्या अंगणात ठेवायचं आणि काही न बोलता उभं राहायचं. पुढचं ती समजेल. उत्तरांची शेवटची तारीख २७ मे.

२९ एप्रिल
'झाडाखाली बसून मोठा झाला, पण साधू नव्हता. फळ मिळालं, खाल्लं नाही.' उत्तर : गौतम बुद्ध. साधू नव्हता, कारण मुळात राजपुत्र. एकट्याने विचार केला की डोकं किती साफ चालतं.
भात करपला.

१३ मे
सासरे बुधाजी मोकल यांचं पत्र. पावसानं बोट बंद होण्याआधी न्यायला या, पोर वाट बघते. शेवटची बोट २५ तारखेला.
ठमाबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, मास्तर, जावा की आता, बायको काय टपालानं यायची हाय? त्यांना स्पर्धेची कल्पना नाही. एक ओळ अजून बाकी आहे. ती टाकून बोटीत बसलो तर मशीन जाईल, आणि रिकाम्या हाताने गेलो तर तिला काय वाटेल?

२५ मे
बोट गेली असेल. ओळ सुटली. 'नेढं बुडातून टोकाला आणलं आणि जगाचे कपडे बदलले.' सगळे सुईवर अडकणार. मी मासे धरायचा गळ लिहिला. कोळी शेजारी असल्याचा फायदा.

१० जून
पाऊस. छप्पर तिच्या पाटावर गळतं. पाट हलवला नाही. आली की म्हणेल, माझी जागा का बदलली.

२२ जुलै
रिझल्ट लांबला. तिला पत्र लिहायला घेतलं. मायना काय लिहावा यावर तीन कागद गेले. सरप्राइज फुटेल म्हणून पाठवलं नाही.

रविवार, २६ ऑगस्ट
रिझल्ट. माझं नाव शेवटच्या यादीतही नाही. फळवाला न्यूटन. नेढंवालं शिवणाचं मशीनच.
पहिलं बक्षीस, सर्व उत्तरं बरोबर : सत्यवती बुधाजी मोकल, दिवेआगर.
चारदा वाचलं. नंतर लक्षात आलं, तिने हे माझ्यासाठीच केलं. नवराबायको काही वेगळे नसतात, तेव्हा जिंकलो मीच. माहेरचं नाव मला चकवायला घातलं असणार. मशीनसाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली. हेडमास्तरांना सांगितलं, मशीन आमच्याकडे येतंय.

दिवेआगर, रविवार, २३ सप्टेंबर
बोट सुरू झाल्याबरोबर निघालो. काळा कोट घातला. सासऱ्यांनी शहाळं दिलं, माझ्याकडे न बघता.
मशीन पडवीत होतं. शेजारी आळीतल्या बायकांच्या झंपरांचा ढीग. सत्यवती शिवत होती. पाय न थांबवता वडिलांना म्हणाली, दादा, येसाजीराव आलेत, त्यांना बसायला द्या.
सात वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. स्वच्छ, जराही न अडखळता. गावातला कुणी मास्तर आला असता तर असंच घेतलं असतं.
मी म्हणालो, चल. ती म्हणाली, पावसाआदी बोट लागली की भिकू बंदरावर जायचा, तुमी उतरता का बगायला. शेवटच्या बोटीला मी सोता गेले. समदी मानसं उतरली, मग मचवा रिकामा झाला, मग मी घरी आले.
मी स्पर्धेबद्दल सांगायला लागलो. ती म्हणाली, म्हाईत हाय. आणि दुसरा झंपर घेतला.

थळ, रविवार, ३० सप्टेंबर
हेडमास्तरांनी विचारलं, मशीन कधी? म्हटलं, दिवाळीनंतर. ठमाबाईंनी विचारलं, सत्यवती कधी? तेच सांगितलं. दोन भाकऱ्या ठेवून गेल्या.
ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. सत्यवती येणार नाही. मला फार वाईट वाटतं आहे. दिवसभर काहीच सुचलं नाही, फक्त एक गोष्ट सुचली. उत्तरं टपालानेच पाठवायची होती. मी मे महिन्यात दिवेआगरला गेलो असतो तर तिथूनही पाठवता आली असती. तिने तिथूनच पाठवली.